लहान घरात बाळाची खेळायची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान घरात तान्ह्या बाळाला खेळण्यासाठी जागा कशी करावी, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अडचणीच्या प्रसंगांचे. उत्तरे जन्मापासून साधारण दीड वर्षापर्यंतच्या बाळांना धरून लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: बहुतेकांनी ‘काय विकत घ्यावे’ असे विचारलेले असते आणि माझे उत्तर बहुतेक वेळा ‘काय हलवावे’ हे असते.

१. आमचे घर दोनच खोल्यांचे आहे. बाळाच्या खेळासाठी वेगळी जागा खरोखर हवी का?

वेगळी खोली नको, पण ठरलेली मोकळी जमीन मात्र हवी. पालथे पडणे, लोळणे, सरपटणे, रांगणे, धरून उभे राहणे हे सारे बाळ जमिनीवरच शिकते. पलंगावर किंवा कडेवर ते शिकता येत नाही. लहान घरात जमीन नसते असे नाही, पण तिच्यावर टीपॉय, खुर्च्या, पिशव्या आणि कपडे वाळत घालायचा स्टँड ठाण मांडून बसलेले असतात. शिवाय एक तुकडा बाळाचा म्हणून ठरला की तिथे काय ठेवायचे नाही हे घरातल्या प्रत्येकाला कळते, आणि सगळे घर निर्धोक करण्याच्या अशक्य कामाऐवजी तेवढाच भाग रोज नीट तपासता येतो.

२. नेमकी किती जागा पुरते?

पहिले चार-पाच महिने बाळाशेजारी मोठ्या माणसाला कुशीवर आडवे होता येईल एवढी, म्हणजे साधारण १ मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर लांब जागा पुरते. हे माप बाळाचे नसून तुमचे आहे, कारण या वयात बाळाचे मुख्य खेळणे म्हणजे समोरचा चेहरा. बाळ लोळू लागले की ही जागा तोकडी पडते. मग २ मीटर बाय २ मीटर मिळाल्यास उत्तम; न मिळाल्यास अरुंद पण लांब पट्टा चालतो, किंबहुना रांगणाऱ्या बाळाला तोच अधिक आवडतो, कारण त्याला कुठेतरी जायचे असते.

३. खोलीचा कोणता भाग निवडावा?

दोन भिंती मिळतात असा कोपरा सोयीचा असतो, कारण दोन बाजू आपोआप बंद होतात. मात्र कोपरा ठरवण्याआधी घरातली माणसे दिवसभर कोणत्या वाटेने ये-जा करतात ते एक दिवस नुसते पाहावे. गरम भांडे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्याची वाट बाळाच्या चटईवरून जात असेल, तर चटई कितीही चांगली असली तरी जागा चुकली आहे. दरवाजा ज्या अर्धवर्तुळात फिरतो तेवढा भागही सोडावा. बोटे चेमटण्याची भीती कडीच्या बाजूला असते तशीच बिजागरीच्या फटीतही असते, आणि ही दुसरी फट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

यानंतर मान वर करून पाहावे. वर जड वस्तूंनी भरलेली फळी, सैल खिळ्यावरचे घड्याळ किंवा काचेची चौकट असेल तर ती काढावी अथवा चटई सरकवावी. खिडकीखालची जागा उजेडामुळे मोहात पाडते, परंतु तिच्याविषयी प्रश्न १० आधी वाचावा.

शेवटचा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही दिवसातला बराच वेळ जिथे काम करता तिथून तो कोपरा दिसला पाहिजे. आतल्या खोलीत हौसेने सजवलेला कोपरा आठवडाभरात ओस पडतो, कारण बाळाला माणूस असेल तिथेच खेळायचे असते.

४. नवजात बाळाला ही जागा लागते का, की रांगू लागल्यावर करावी?

पहिल्या महिन्यापासूनच लागते, फक्त तेव्हा ती अगदी साधी असावी. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या त्याचे लक्ष वेधून घेतात. त्यामुळे दूरच्या भिंतीवर चिकटवलेली फिकट रंगांची चित्रे मोठ्यांसाठीच असतात. जागेपणी, कोणीतरी समोर असताना बाळाला थोडा थोडा वेळ पालथे ठेवणे हे या काळातले मुख्य काम आहे. जे बाळ अजून स्वतः हिंडत नाही त्याला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे असे पालथे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही तीस मिनिटे एका दमात पूर्ण करायची नसतात. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांत बाळ कुरकुरते. तेव्हा उचलावे आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेवून पाहावे.

५. खाली काय अंथरावे? जाड गादी अधिक सुरक्षित नाही का?

नाही. मऊ गादीत कोपर आणि गुडघे रुततात, बाळाला रेटा देता येत नाही, आणि पालथ्या बाळाचे नाक-तोंड तिच्यात दबण्याचा धोका असतो. सपाट, घट्ट, न सरकणारी आणि पुसता येणारी चटई हवी. १ ते २ सेंटीमीटर जाडी बहुतेक फरश्यांवर पुरते. हाताच्या तळव्याने दाबून पाहावे: चटई थोडी दबून लगेच पूर्ववत झाली तर योग्य, तळव्याचा ठसा तसाच राहिला तर ती फार मऊ आहे.

एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन लहान घरात सोयीचे असतात, कारण जागेप्रमाणे कमी-जास्त करता येतात. त्यांच्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे कडेच्या सुट्या पट्ट्या आणि मधली निघणारी अक्षरे. आमच्या घरी चटई आणल्याच्या तिसऱ्या दिवशी ‘आठ’ या आकड्याच्या पोटातला गोल तुकडा बाळाच्या गालात सापडला होता. दुसरी गोष्ट वासाची. काही फोममध्ये फॉर्मामाइड नावाचे रसायन उरलेले असते आणि युरोपात खेळण्यांतील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे. नवी चटई वेष्टनातून काढून काही दिवस हवेशीर जागी मोकळी ठेवावी, आणि तरीही उग्र वास गेला नाही तर परत करावी.

हीच खोली रात्री झोपण्यासाठी लागत असेल, तर गुंडाळून ठेवता येणारी एकसंध चटई घ्यावी. रोज पंचवीस चौकोन जोडण्याचा उत्साह कोणालाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त पुरत नाही.

६. जागा सुरक्षित आहे की नाही हे तपासायचे कसे?

स्वतः पोटावर आडवे व्हावे, हनुवटी चटईला टेकवावी आणि हातात विजेरी घेऊन चहूकडे पाहावे. उभ्याने पाहिलेली खोली आणि ही खोली यांत फार फरक असतो. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा सोफ्याखाली पेनाचे टोपण, शर्टाचे बटण आणि रिमोटमधून कधीतरी निसटलेला बटण सेल एका रांगेत दिसले होते, आणि त्याच दिवशी सकाळी ती फरशी झाडलेली होती.

लहान वस्तूंसाठी मोजमाप आहे. ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे धरले जाते. घरी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याची नळी वापरावी; ती थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होते. नळीतून जे आरपार जाते ते बाळाच्या हाताशी नसावे.

बटण सेलचा धोका केवळ गुदमरण्याचा नाही. तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, सेलभोवती तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही आतली त्वचा गंभीररीत्या भाजू शकते. सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे चपटे लिथियम सेल यात सर्वांत घातक ठरतात. बाळाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढण्याच्या फंदात न पडता तत्काळ रुग्णालय गाठावे. छोटे शक्तिशाली लोहचुंबकही असेच घातक आहेत: दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. म्हणून रिमोट, वजनकाटा, गाणारी भेटकार्डे, फ्रिजवर चिकटवायच्या शोभेच्या वस्तू यांची झाकणे आणि जोड तपासावेत, आणि सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू वरच्या फळीवर जावी.

लोंबणाऱ्या दोऱ्या तिसऱ्या क्रमांकावर येतात. पडद्याची ओढायची दोरी, चार्जरची तार, बाळावर टांगलेल्या खेळण्याची लेस यांतली कोणतीही वस्तू गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. टांगलेले खेळणे पाचव्या महिन्याच्या सुमारास, किंवा बाळ हातांवर छाती उचलू लागताच, काढून टाकावे. हाताला येणारे विजेचे प्लग पॉइंट झाकावेत, मात्र सहज उपटून तोंडात जाईल असे छोटे बूच त्यासाठी वापरू नये.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. बाळ लोळू लागले, रांगू लागले, धरून उभे राहू लागले, की दर वेळी ती नव्याने करावी लागते.

७. घर भाड्याचे आहे आणि भिंतीला भोक पाडू देत नाहीत. कपाट भिंतीला कसे बांधावे?

आधी धोका कशाचा आहे ते समजून घ्यावे. खणांचे कपाट नुसते उभे असताना स्थिर असते, पण दोन-तीन खण एकदम बाहेर आले की त्याचा भार पुढे सरकतो, आणि त्याच वेळी बाळ खालच्या खणाला धरून उभे राहते. धरून उभे राहण्याचा काळ साधारण ९ ते १२ महिन्यांचा असतो, म्हणून ही व्यवस्था आठव्या महिन्याच्या आत झालेली असावी. स्टँडवर उभ्या ठेवलेल्या टीव्हीलाही हेच लागू आहे.

घरमालकांना विचारताना ‘भोक पाडू का’ असे न विचारता, कोणत्या कपाटासाठी किती स्क्रू लागतील आणि घर सोडताना ती भोके बुजवून रंगवून देऊ, असे लेखी कळवावे. तेव्हा परवानगी मिळण्याची शक्यता वाढते असा माझा अनुभव आहे. परवानगी मिळालीच नाही, तर उंच आणि उथळ कपाट बाळ ज्या खोलीत खेळते त्या खोलीतून हलवावे. हलवणेही शक्य नसेल तर जड सामान सर्वांत खालच्या खणांत भरावे, खणांना मुलांना उघडता न येणाऱ्या कड्या लावाव्यात, वर काहीही आकर्षक ठेवू नये आणि कपाट बाळाच्या जागेभोवतीच्या कुंपणाच्या पलीकडे राहील अशी रचना करावी (प्रश्न ८ पाहा). नुसत्या चिकटपट्टीवर बसवलेले पट्टे भिंतीतल्या स्क्रूची बरोबरी करू शकत नाहीत. रंगाच्या थरासह ते निघून येतात.

८. प्लेपेन, म्हणजे बाळाला आत ठेवायचे घडीचे कुंपण, घ्यावा का? जागा फार अडते.

घरात दिवसाचा बराच वेळ एकच मोठे माणूस असेल तर घ्यावा, अन्यथा त्यावाचून भागते. त्याचे काम बाळाला खेळवणे हे नाही. उकळते भांडे उतरवताना किंवा दार उघडायला जाताना काही मिनिटे बाळ एका जागी राहावे, एवढेच त्याचे काम आहे. तासन्‌तास त्यात बसवल्यास तोच खेळाच्या आड येतो. घेताना उभ्या गजांमधले अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा कमी आहे का, जाळी असल्यास तिची छिद्रे ६ मिलिमीटरहून लहान आहेत का, आणि घडी घालण्याची कळ बाळाच्या वजनाने सुटत नाही ना, हे पाहावे. आत मोठी खेळणी किंवा उशा ठेवू नयेत, कारण बाळ त्यांचा पायरीसारखा उपयोग करते.

पुष्कळदा उलटी रचना अधिक सोयीची पडते. बाळाला कुंपणात न ठेवता चूल, टीव्ही किंवा कामाचे टेबल कुंपणाच्या पलीकडे ठेवावे. तेवढ्याच फळ्यांत बाळाला दुप्पट जमीन मिळते.

९. वॉकर किंवा बसवून ठेवायची खुर्ची वापरली तर जागा कमी लागेल ना?

चाकांचा वॉकर घेऊ नये. त्यात बसलेले बाळ एका सेकंदात मीटरभर जाऊ शकते, आणि एरवी हाताला न लागणाऱ्या गरम, जड आणि धारदार वस्तू त्याच्या हाती येतात. त्याने बाळ लवकर चालते हा समजही चुकीचा आहे. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली.

झुलती खुर्ची थोडा वेळ चालते, पण ती जमिनीवरच ठेवावी; टेबलावर किंवा पलंगावर कधीही नाही, कारण बाळाच्या हालचालीने ती सरकत कडेला येते. प्रश्न ४ मध्ये उल्लेख केलेल्या सूचनांनुसार बाळाला पट्ट्यात अडकवून एका वेळी एक तासापेक्षा जास्त ठेवू नये.

१०. खिडकीजवळ किंवा गॅलरीत खेळवले तर चालेल का?

चटई खिडकीखाली असेल तर तिच्याजवळ चढायला उपयोगी पडेल असे काहीही नसावे, आणि खिडकी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर बसवावा. डासांची जाळी बाळाचे वजन पेलत नाही. गॅलरी ही बाळाची कायमची खेळायची जागा होऊ शकत नाही. तिथे बाळ मोठ्यांच्या हाताच्या अंतरातच असावे.

११. किती खेळणी ठेवावीत? भेट आलेल्या खेळण्यांनीच कोपरा भरला आहे.

एका वेळी चार ते सहा. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. चारच खेळणी असताना मुले प्रत्येकाशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. ती मुले तुमच्या बाळापेक्षा मोठी होती, परंतु लहान घरात हा निष्कर्ष सोयीचाही आहे. उरलेली खेळणी पेटीत बंद ठेवून आठ-दहा दिवसांनी बदलावीत. बुटकी उघडी फळी खोल टोपलीपेक्षा बरी, कारण टोपलीत तळाशी गेलेले खेळणे बाळाच्या लेखी नाहीसेच होते.

रबरी फुगे या जागेत मुळीच नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर बसला तर तो निघणे फार कठीण असते. झाकण असलेल्या पेट्यांचे झाकण आपटून बंद होत नाही, हेही पाहावे.

१२. मोठा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याची सगळी खेळणी बारीक तुकड्यांची आहेत. काय करावे?

मोठ्याचा खेळ उंचावर न्यावा: टेबल त्याचे, जमीन बाळाची. टेबल नसेल तर प्लेपेनमध्ये बाळाऐवजी मोठ्या मुलाला बसू द्यावे. आपले अर्धवट बांधलेले घर बाळापासून वाचते म्हणून तो आनंदाने बसतो. खेळ संपल्यावर तुकडे मोजून डब्यात टाकण्याचे काम त्यालाच द्यावे आणि नंतर स्वतः विजेरी फिरवावी, कारण मोजणी सहा वर्षांच्या मुलाची असते.

१३. बाळ खेळता खेळता चटईवरच झोपते. झोपू द्यावे का?

उचलून नेहमीच्या झोपण्याच्या जागी, सपाट आणि घट्ट गादीवर, पाठीवर निजवावे. खेळण्याच्या जागेत मऊ खेळणी, दुपटी आणि उश्या असतात, आणि पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ त्या असू नयेत. बाळ झुलत्या खुर्चीत झोपले तरी हाच नियम आहे, कारण मान पुढे झुकून श्वासाला अडथळा होऊ शकतो.

१४. टीव्ही त्याच खोलीत आहे. चालू ठेवला तर काय बिघडते?

१ वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. बाळ पाहत नसले तरी घरातले पाहत असतात आणि त्यांचे बाळाशी बोलणे कमी होते. चटई अशी टाकावी की टीव्ही बाळाच्या पाठीमागे येईल. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे ही वेगळी गोष्ट आहे; तिथे पलीकडून कोणीतरी उत्तर देत असते.

१५. घरात मांजर आणि कुंड्या आहेत.

कुंड्या बाळाच्या हाताबाहेर जाव्यात. मनी प्लांट आणि डिफेनबाकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. कण्हेर तर पूर्णपणे विषारी आहे, ती घरातच नको. मांजराची मलपेटी आणि खाण्याचे भांडे चटईपासून दूर असावे आणि मांजराला चढून बसायला एक उंच जागा द्यावी. बाळ आणि मांजर दोघांनाच खोलीत सोडू नये.

१६. स्वच्छता किती वेळा आणि कशाने करावी?

चटई रोज ओल्या फडक्याने पुसावी आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी करावी, कारण फोमखाली ओल धरते. तोंडात जाणारी प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली की पुरे. दाबल्यावर वाजणाऱ्या रबरी खेळण्यांत पाणी साठून आत बुरशी धरते. ती पाण्यात न्यायचीच नाहीत. पुसण्याची बादली मात्र काम होताच रिकामी करावी: बाळ काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते.

१७. आमचे बाळ दोन महिने आधी जन्मले. वर दिलेले महिने त्याला लागू होतात का?

प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेले वय धरावे. ८ आठवडे आधी जन्मलेले बाळ जन्मतारखेने सहा महिन्यांचे असले तरी हालचालींच्या दृष्टीने साधारण चार महिन्यांचे समजतात, आणि दोन वर्षांपर्यंत अशीच मोजणी करतात. सुरक्षिततेच्या तयारीसाठी मात्र दोन्हींतली आधीची तारीख पाळावी.

१८. सगळे करूनही बाळ त्या जागेत थांबत नाही, आणि रांगतही नाही. काही चुकते आहे का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही बाळे रांगतच नाहीत. बसल्या जागी घसटत जातात किंवा थेट उभी राहतात, आणि त्यात काही वावगे नसते. ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, १८ महिन्यांपर्यंत चालत नसेल, किंवा हालचालीत शरीराची एकच बाजू वापरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

चटईवर न थांबण्याचे कारण बहुधा तुम्ही चटईवर नसणे हे असते. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तिथे जाऊन बसावे, काही शिकवू नये, बाळ काय उचलते ते पाहावे. मग उठताना दूर न जाता आधी दोन हातांच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालायला बसावे, आणि ते अंतर दर दिवशी थोडे वाढवावे.